कमठ्यातली ओल

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘ओल’ हा विषय योजल्याचे कळविले, तेव्हा नदी, विहीर, पर्जन्य आणि भिंतीला सुटलेले पोपडे ही सारी क्षेत्रे इतर लेखकबंधूंनी आधीच आपल्या नावे लावून घेतली असतील असे गृहीत धरून, ओलीशी जिचा संबंध सहसा कोणी जोडीत नाही अशी एखादी वस्तू शोधावी, असे मी ठरविले. धनुष्य ही ती वस्तू. रामायण-महाभारताच्या संस्कारामुळे धनुष्य म्हटले की आपल्याला टणत्कार आठवतो, लक्ष्यवेध आठवतो, फार तर जनकाच्या सभेतला तो प्रसिद्ध भंग आठवतो. परंतु धनुष्य हे लाकडाचे किंवा वेळूचे असते, त्या लाकडाच्या अंगात काही पाणी असते, आणि ते पाणी थोडे उणे झाले तर धनुष्य मोडते व थोडे अधिक झाले तर ते मरगळते, ही गोष्ट पुराणिकबुवांनी आपल्याला कधी सांगितली नाही. हा हिशेब ज्यांना ऋतुमानाप्रमाणे करावाच लागतो अशी माणसे मला उज्जयिनीस, देवास गेटच्या परिसरात भेटली.

मामा आणि काका

देवास गेट म्हणजे उज्जैनच्या रेल्वे स्थानकासमोरचा भाग. बसस्थानक, धर्मशाळा, महाकालाच्या यात्रेकरूंना घेरणारे रिक्षावाले, पहाटेपासून वाफाळणारे पोहे आणि त्यांच्या शेजारी तळली जाणारी जिलबी, जवळच माधव महाविद्यालयाची जुनी वास्तू, असा एकंदर सरंजाम. दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरास हलविण्यापूर्वी शिंदेशाहीचे ठाणे या नगरीत होते, त्यामुळे येथील अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. मात्र ‘हौ’ आणि ‘कई’ असे मालवी शब्द त्या मराठीत इतके मिसळून गेले आहेत, की पुण्याच्या माणसाने क्षणभर कान टवकारावेत.

याच स्थानकावर पश्चिमेकडून, मेघनगर, बामनिया, रतलाम या बाजूने येणाऱ्या गाड्यांतून झाबुआ जिल्ह्यातले भिल्ल मजूर उतरतात. माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीनची निंदणी आणि पुढे कापणी यांसाठी लागणारे हात बव्हंशी त्यांचेच. माळव्यात वयस्क भिल्ल पुरुषाला ‘मामा’ म्हणण्याचा प्रघात आहे, टंट्या भिल्लालाही लोक मामाच म्हणत. तेव्हा ज्या गृहस्थाकडून मी या लेखातले अर्धे ज्ञान मिळविले त्यांचा उल्लेख मी मामा असाच करणार आहे. उरलेले अर्धे ज्यांच्याकडून मिळाले ते विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक. देवास गेटपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, एका वाड्याच्या मागल्या पडवीत, गल्लीतल्या मुलांसाठी धनुष्ये तयार करण्याचा त्यांना नाद आहे आणि सारा परिसर त्यांना काका म्हणतो. मामा कामासाठी उज्जैनला आले की काकांच्या पडवीत मुक्कामाला असतात. दोघांचे एकमेकांशी बोलणे मालवी-हिंदीत चालते, आणि बहुतेक वेळा ते भांडण असते.

मामांचे धनुष्य म्हणजे तीरकमठ्यातला कमठा: मानवेल जातीच्या, जवळजवळ भरीव अशा बांबूचा उभा चिरलेला, पुरुषभर उंचीचा तुकडा, आणि त्याला दोर म्हणून बांबूच्याच सालीची तासून बारीक केलेली कामटी. त्यात लोखंड नाही, शिंग नाही, सरस नाही. काकांची धनुष्ये धामणाच्या किंवा सागाच्या पट्टीवर बांबूची पाठ चिकटवून केलेली असतात, आणि त्यांवर मुले ‘इंडियन राउंड’चा सराव करतात. हा स्पर्धाप्रकार लाकूड-बांबूच्या साध्या धनुष्यांसाठी आपल्या देशात मुद्दाम राखला गेला असून 50 आणि 30 मीटरांवरून खेळला जातो. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी 2023 साली बर्लिनला जागतिक अजिंक्यपदे मिळविली ती कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्यांनी. त्या धनुष्यांच्या काया धातूच्या आणि कार्बन-तंतूंच्या असल्यामुळे त्यांना श्रावण आणि वैशाख सारखाच. परंतु राजस्थानातल्या उदयपूरकडील आदिवासी पाड्यातून आलेला लिंबाराम, ज्याने 1992 साली बीजिंगला जागतिक विक्रमाची बरोबरी केली, तो घडला बांबूच्या धनुष्यावरच. आणि बांबूच्या धनुष्यावर हात बसलेल्या मुलाला ऋतू बदलला की नेम बदलतो हे कोणी शिकवावे लागत नाही.

लाकडातले दोन प्रकारचे पाणी

काकांनी मला प्रथम खुर्चीवर बसविले आणि मग, जणू दहावीचा वर्ग समोर आहे अशा थाटात, लाकडात पाणी दोन ठिकाणी राहते हे समजावून दिले. लाकूड म्हणजे असंख्य सूक्ष्म नळ्यांची जुडी. नळीच्या पोकळीत जे मोकळे पाणी असते ते पहिले, आणि नळीच्या भिंतीतच तंतूंना बिलगून राहिलेले ते दुसरे. ताजे तोडलेले लाकूड सुकू लागले की पहिले पाणी निघून जाते. या अवधीत वजन भराभर उतरते, पण लाकूड आकसत नाही आणि त्याच्या बळातही फरक पडत नाही. कोरड्या वजनाच्या सुमारे 25 ते 30 टक्के इतके पाणी उरले म्हणजे पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंती तेवढ्या भिजलेल्या असतात. लाकूडशास्त्रात हा तंतुसंपृक्तीचा बिंदू. त्याखाली पुढचा प्रत्येक टक्का भिंतीतून जातो आणि येथूनच सारे नाट्य सुरू होते: लाकूड आकसते, ताठ होते, बळकट होते, आणि नीट सांभाळले नाही तर चिरते, कारण ते वलयांच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडच्या दिशेने आकसते, आणि लांबीत तर नावापुरतेच. बांबूची रीत याहून थोडी निराळी आहे. तो सुकू लागताक्षणीच आकसायला लागतो, आणि त्याची मेणचट, वाळुकामय साल पाण्याला बाहेर पडू देत नसल्यामुळे ते पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि आतल्या अंगाने वाट काढते.

धनुष्य ओढले की त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडचे अंग, ताणली जाते आणि तिरंदाजाकडचे पोट दाबले जाते. ओलसर लाकडाचे पोट या दाबाखाली कायमचे दबते. दोर सोडला तरी धनुष्य पूर्ववत सरळ होत नाही, आणि त्याने एकदा बाक धरला की तेवढा वेग बाणातून वजा झाला असे समजावे. अतिशुष्क लाकूड ताठ असते, बाण सपकन सोडते, पण त्याच्यातली चिवट सहनशक्ती गेलेली असल्याने एखाद्या बेसावध ओढीला पाठ फाटून ते मोडते. या दोन संकटांच्या मधली वाट अरुंद आहे. जगभरचे धनुष्यकार ती साधारण 8 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान धरतात. लाकूड जितके वाळवावे तितके चांगले, ही आपल्याकडे सरसकट रूढ असलेली समजूत दारे-खिडक्यांपुरती चालून जाईल, धनुष्याला ती घातक आहे. या धंद्यातले खरे कसब वाळवणे कोठे थांबवावे हे ओळखण्यात आहे, आणि मामा व काका यांचे एकमत झालेली ही बहुधा एकमेव बाब.

मात्र थांबवून तरी ओल थांबते थोडीच! लाकूड हवेशी अखंड देवघेव करीत असते. सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकूड कालांतराने 9 टक्क्यांवर स्थिरावते, आर्द्रता 65 झाली की 12 टक्क्यांवर चढते, 80 झाली की 16 टक्क्यांच्या आसपास पोहोचते. कोकणातला सुतार सदैव दमट हवेत काम करतो, मारवाडातला सदैव कोरड्या हवेत. त्यामुळे दोघांचेही अंदाज वर्षभर बरेचसे टिकतात. लाकडाला कोठे किती ओल चालेल हे ठरविताना भारतीय मानकांनी देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग पाडले आहेत ते याच कारणास्तव. माळव्याच्या पठाराची गोष्ट वेगळी. वैशाखातल्या दुपारी येथे हवा इतकी रूक्ष होते की पडवीत उघड्यावर ठेवलेले लाकूड 5-6 टक्क्यांपर्यंत उतरते, आणि श्रावणात तेच लाकूड 17-18 टक्क्यांची आस धरते. अर्धा किलो कोरड्या वजनाचे धनुष्य घेतले तर वैशाखात ते 530 ग्रॅम भरेल आणि भर पावसाळ्यात, त्याला पुरेसा अवकाश मिळाल्यास, 585. ही पंचावन्न ग्रॅमांची वाढ निव्वळ हवेतून आलेल्या पाण्याची. सवाई जयसिंहाने बांधलेली आणि 1923 साली माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार करविलेली येथील वेधशाळा, जिच्या अधीक्षकपदी गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखे मराठी ज्योतिर्विद होते, ती ग्रहगतींबरोबर हवामानाकडेही लक्ष ठेवते. काकांच्या मते धनुष्यकाराने पंचांगाचा हा दुसरा अर्धा भाग पहिल्याहून अधिक श्रद्धेने वाचावा.

कृष्णपक्षातला वेळू

मामांचे पंचांग मात्र पहिल्या अर्ध्या भागापासून सुरू होते. वेळू तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, थंडीत, आणि तोही अंधाऱ्या पक्षात, शक्यतो अमावास्येला लागून. शिवाय तो निदान तीन पावसाळे पाहिलेला असावा. कोवळ्या वेळूची साल हिरवी तुकतुकीत आणि पेरांच्या आवरणांचे अवशेष अंगावर मिरवणारी असते, जून वेळूवर राखी डाग पडतात, आणि कोयत्याच्या मुठीने ठोकल्यावर त्याचा नाद वेगळा येतो. अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या वेळूला कीड लागत नाही, हा विश्वास माळव्यापासून तळकोकणापर्यंत सर्वत्र आहे. बांबू पोखरून त्याचे पीठ पाडणारा भुंगेरा त्यातल्या पिष्ट पदार्थावर जगतो, आणि तो साठा ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो, ही गोष्ट शास्त्रसंमत आहे. चंद्राच्या कलेपेक्षा ऋतूचाच वाटा त्यात मोठा असावा असे मला वाटते, आणि पावसाळ्यात नवे कोंब फुटत असताना बेटाला हात लावू नये ही शिस्त तर कोणत्याही वनाधिकाऱ्याने डोळे झाकून मान्य करावी. काकांनी मात्र येथे एक व्यावहारिक शंका काढली: अंधारा पक्ष कोणत्या महिन्याचा? कारण उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. महाकालाची सवारी श्रावणाबरोबर भाद्रपदातल्या सोमवारीही निघते, ती उत्तरेकडचा श्रावण सरला तरी मराठी श्रावणाचे शेवटचे पंधरा दिवस उरलेले असतात म्हणून. मामांनी ही सारी चर्चा ऐकून घेतली आणि अंधार दोघांचा एकच असतो, एवढेच सांगितले.

तोडलेला वेळू काही दिवस तसाच पाल्यासकट उभा करून ठेवतात. मग तो वाहत्या ओढ्यात दगडांखाली दाबून भिजत घालतात. सुकवायच्या वस्तूला आधी पाण्यात बुडविणे हा नवख्याला उफराटा न्याय वाटेल. पण वाहते पाणी वेळूतली साखर व पिष्ट धुऊन नेते आणि त्याबरोबर भुंगेऱ्याचे खाद्यही. त्यानंतर तो सावलीत, जमिनीपासून उचलून, आडवा ठेवला जातो. ऊन मुळीच दाखवायचे नाही, कारण उन्हात बाहेरचा थर आतल्याहून आधी आकसतो आणि वेळू चिरतो. काकाही धामणाच्या ओंडक्याच्या दोन्ही टोकांना तोडल्या दिवशीच मेण किंवा जाड रंग फासतात, कारण टोकाकडून पाणी जितक्या त्वरेने पळते तितके ते बाजूंनी पळत नाही. टोके आधी सुकली की ताऱ्यासारख्या चिरा पडतात आणि त्या चिरा वीत-वीत आत शिरून चांगल्या फळीचा नाश करतात.

यानंतर मामांच्या घरी जे होते त्याकडे काकांनीही कान दिले. चिरलेले वेळूचे तुकडे चुलीच्या वर, छपराखालच्या आडव्या दांड्यांवर ठेवले जातात आणि तेथे ते एक हंगाम तरी धूर खातात. चुलीची ऊब मंद व नित्य असते, धुरामुळे किडा दूर राहतो, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यात बाहेर सारे ओले झाले तरी त्या जागेची हवा कोरडीच राहते. उतरविलेला तुकडा धुराने काळसर-पिंगट झालेला असतो. तो मामा गालाला लावून पाहतात. ओल असेल तर गालाला गारवा जाणवतो. मग ते कोयत्याने त्याचा एक पापुद्रा काढतात: पापुद्रा वळत-वळत निघाला तर तुकडा पुन्हा दांड्यावर जातो, टचकन तुटला तर काम सुरू होते. मी तो प्रयोग काकांच्या पडवीत पाहिला. दोन पापुद्रे शेजारी-शेजारी ठेवले असता एकाची गुंडाळी झाली होती आणि दुसऱ्याचे दोन तुकडे. डोळ्यांना मात्र ज्या वेळूंतून ते काढले ते दोन्ही सारखेच सुकलेले दिसत होते.

आयुधागार आणि दारूखाना

शस्त्रागाराच्या ओलीची चिंता राजदरबारी नवीन नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना ताडाच्या, वेळूच्या, लाकडाच्या आणि शिंगाच्या अशा चार प्रकारच्या धनुष्यांचा निर्देश येतो. पण मला त्याहून लक्षणीय वाटले ते त्याआधीचे वाक्य, ज्यात शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांना ऊन-वारा द्यावा, आणि उष्णता, दमटपणा व कीड यांनी जी बिघडत असतील ती वेगळ्या रीतीने ठेवावी, असा स्पष्ट दंडक घातला आहे. पुढे 1363 सालच्या शार्ङ्गधरपद्धतीत धनुष्यासाठी वेळू कोणता घ्यावा याचे विवेचन आहे. अपक्व वेळू मोडतो आणि अतिजीर्ण वेळू कर्कश होतो, हा त्यातला निर्णय मामांच्या तीन पावसाळ्यांच्या नियमाशी तंतोतंत जुळतो. जळका किंवा भोक पडलेला वेळू घेतल्यास घरास आग लागते वा युद्धात नाश होतो हे भाकीत जुळवून घ्यायला थोडी अधिक श्रद्धा लागेल.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे लिहिले त्यात दारूखान्याला सर्दी पोहोचू देऊ नये, आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण, होके बाहेर काढून त्यांस ऊन देऊन पुन्हा मुद्रा करून ठेवावे, अशी ताकीद आहे. येथील बाण म्हणजे दारूचे अग्निबाण. तथापि कौटिल्यापासून अमात्यांपर्यंतच्या इतक्या दीर्घ अंतरावरही कारभाऱ्याच्या दफ्तरात तीच चिंता तशीच कायम राहावी, यावरून आपल्या पावसाळ्याची दहशत कळते. सह्याद्रीच्या गडावर चार महिने ढगांत राहणाऱ्या शिलेखान्याची अवस्था काय होत असेल याची कल्पना, ज्याने आषाढात सादळलेला पापड खाल्ला आहे, त्याला सहज यावी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून स्वाऱ्या निघत याचे कारण सांगताना इतिहासकार वाटा, नद्या आणि वैरण यांचा हवाला देतात, आणि तो यथार्थच आहे. पण आश्विनात हवा निवळून दारू, दोर, चामडे आणि लाकूड ही सारी एकदमच कामाच्या कोरडेपणावर येत, हेही त्या यादीत घालावे असे मला वाटते.

इराणी-तुर्की परंपरेतून आलेली जी कमान मोगल सरदारांच्या चित्रांत दिसते ती या दृष्टीने फारच नाजूक. पोटाला म्हशीचे शिंग, मध्ये लाकूड, पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि या साऱ्यांना एकत्र धरणारा सरस. अशी कमान लहान असूनही विलक्षण दूर मारा करते, तिच्या कर्तृत्वाबद्दल वादच नाही. परंतु सरस आणि स्नायू दोन्ही हवेतले पाणी हावरटपणे पितात; दमट हवेत कमान ढिली पडते, थर सुटू लागतात, म्हणून तुर्कस्तानात अशा कमानी उबदार पेट्यांत शेकून ठेवण्याची चाल होती. सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानातल्या कारागिरांनी चक्क पोलादी कमानी घडविल्या. त्यांतल्या कित्येक सोन्याच्या नक्षीसह आज वस्तुसंग्रहालयांत आहेत. पोलादी कमान शिंगाच्या कमानीइतका वेग देत नाही. तिचा गुण एवढाच की ती शिलेखान्यात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी सादळत नाही, तिला वाळवी लागत नाही. एखाद्या दरबाराने मारकपणा सोडून टिकाऊपणा पत्करावा, याला कमानगरांचा आळस जबाबदार नसून चातुर्मास जबाबदार आहे.

ओलीने धनुर्धरांचा घात केल्याचा आपल्याकडचा एक जुना वृत्तांत एका परकीयाने लिहिला. इ. स. पूर्व 326 मध्ये झेलमच्या काठी पोरसाच्या पदातींजवळ पुरुषभर उंचीची धनुष्ये होती, आणि रोमन इतिहासकार कर्टिअस सांगतो, की ती जमिनीला टेकवून ओढावी लागत. पावसाने भूमी निसरडी झाल्यामुळे टेकू मिळेना आणि नेम चुकले. पाण्याने दगा दिल्याची युरोपातली प्रसिद्ध कथा 1346 च्या क्रेसीच्या रणांगणावरची आहे, जेथे अवचित आलेल्या सरीने जिनोव्हाच्या भाडोत्री धनुर्धरांच्या दोऱ्या भिजल्या आणि इंग्रजांनी आपल्या दोऱ्या उतरवून कोरड्या राखल्या, असे सांगतात. मामांच्या बांबूच्या दोराला हा प्रश्नच फारसा पडत नाही, कारण सालीकडचा दाट तंतू भिजला तरी सुताइतका लांबत नाही.

वैशाखात

काकांच्या पडवीत एक मोडके धनुष्य खुंटीला टांगलेले आहे. ते मुलांपैकी कोणी मोडले नाही. वैशाखातल्या एका दुपारी, पत्र्याच्या छपराखाली आठवडाभर राहिलेले ते धनुष्य खुद्द काकांनीच, ताण बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी, जेमतेम अर्धे ओढले आणि त्याचे दोन भाग झाले. त्यांनी ते खाली काढून मला मोड दाखविली. निरोगी लाकूड मोडले की लांब कुसळे निघतात, एकमेकांत अडकलेली; येथे मोड आखूड होती, जवळजवळ सपाट, आणि बोट फिरविले तर काहीही टोचत नव्हते. अतिशुष्कतेची ही खूण. यानंतर काकांनी वैशाखात धनुष्यांचा मुक्काम पडवीतून माजघरात हलविला, जेथे पाण्याचे दोन रांजण आहेत, आणि रांजणाशेजारच्या कोपऱ्यात आर्द्रतामापक टांगला. उन्हाळ्यात धनुष्याला पाणी पाजावे लागते, असे ते म्हणतात, आणि ते शब्दशः खरे आहे: माजघराच्या त्या कोपऱ्यातली हवा बाहेरच्याहून पुष्कळ सौम्य असते आणि तेथे दहा-पंधरा दिवस राहिलेले धनुष्य दोन-तीन टक्के ओल परत मिळविते.

याच सुमारास मामा विस्तवावर धनुष्य सरळ करीत होते. वेळूच्या एका पेरापाशी किंचित वाक होता. तेथे मोहाच्या बियांचे तेल चोळून, निखाऱ्यांवर हातभर उंचीवर तो भाग फिरवीत-फिरवीत तापविला, आणि तेलाला वास सुटताच गुडघ्याला टेकवून दाबून धरला. वेळू गार होईपर्यंत मामा त्याच अवस्थेत गप्पा मारीत बसले. सरळ झालेल्या कमठ्याला ओढून पाहण्याचा मोह मला झाला, पण मामांनी तो हातातून काढून घेतला. विस्तवाने त्या जागेची सारी ओल उडालेली असते. ती हवेतून परत येईपर्यंत, म्हणजे निदान आठ दिवस, धनुष्याला दोर चढवायचा नाही. इंग्लंड-अमेरिकेतले हौशी धनुष्यकारही तापविलेल्या लाकडाला अशीच विश्रांती देतात, असे काकांनी मला बाजूला घेऊन सांगितले. मामांसमोर ते कबूल करायला ते तयार नव्हते.

काकांचे स्वतःचे शस्त्र म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल तराजू. प्रत्येक ओंडक्यातून निघालेला एक लहान तुकडा ते जपून ठेवतात. माझ्यासमोर असा एक तुकडा तोलला तेव्हा तो 28 ग्रॅम भरला. मग केक भाजण्याच्या भट्टीत, शंभर अंशांच्या किंचित वर, तो ठेवून दर थोड्या वेळाने बाहेर काढून ते तोलीत राहिले. काकूंनी दोनदा येऊन भट्टी कधी मोकळी होणार याची चौकशी केली. वजन 25 ग्रॅमांवर येऊन थांबले आणि आणखी भाजूनही उतरेना, तेव्हा हिशेब झाला: गेलेले पाणी 3 ग्रॅम, कोरडे लाकूड 25, म्हणजे ओल 12 टक्के, अजून तासायचे नाही. दोन सुया टोचून विजेच्या रोधावरून ओल सांगणारे यंत्र बाजारात मिळते, तेही त्यांच्याकडे आहे, पण त्याच्यावर त्यांचा विश्वास पूर्ण नाही, कारण ते लाकडाच्या जातीप्रमाणे चुकते आणि सुया पृष्ठभागाच्या आत फारशा जात नाहीत. पट्टी तयार झाली की ती दर रविवारी तोलायची. सलग तीन-चार रविवार वजन हलले नाही तर ती घरातल्या हवेशी समतोल झाली, आणि तो समतोल 9-10 टक्क्यांच्या जवळ असेल असे कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस गाठून रंधा मारायचा.

श्रावणात

श्रावणात पुन्हा गेलो तेव्हा देवास गेटला गुडघाभर छत्र्या आणि घोटाभर पाणी होते, आणि काकांच्या मुलांचे बाण लक्ष्याच्या खाली जात होते. धनुष्य तेच, ओढ तीच. पण लाकूड ओलसर झाले की त्याचा ताठरपणा घटतो, दर टक्क्यामागे सुमारे दोन टक्के, आणि त्या प्रमाणात बाण मंदावतो. काका मुलांना नेम वर धरायला सांगत नाहीत. ते पावसाळ्यात ओढीची संख्या कमी करतात आणि सराव संपताक्षणीच दोर उतरवायला लावतात, कारण ओलसर धनुष्य दोर चढविलेल्या अवस्थेत टांगून ठेवले तर एका रात्रीत बाक धरते. धनुष्यांना व्हार्निशचे चार हात दिलेले असतात. व्हार्निशने ओल थांबत नाही, तिची चाल मंदावते; पावसाळा जर चारच महिन्यांचा आहे तर तिला पाच महिने लागावेत एवढीच त्यांची अपेक्षा. उज्जैनच्या आखाड्यांत मल्लखांबाला एरंडेल चोळतात ते खेळासाठी, तरी त्याने लाकडाचेही रक्षण होते, असा त्यांचा आणखी एक सिद्धान्त आहे.

मामांना व्हार्निश मान्य नाही. ते लावले की वेळू आत काय करतो आहे हे कळत नाही, गालाला लावले तर नुसता रंग लागतो. त्यांचा कमठा पावसात शेतावर जातो, भिजतो, परत येतो, तेल पितो आणि चुलीवर चढतो. दोन-तीन वर्षांत त्याने बाक धरलाच तर तो बाजूला टाकून दांड्यावरचा दुसरा उतरवायचा, कारण वेळूचे बेट घरामागेच आहे. मला वाटते, मोगल कमानगराने ज्या हवेशी आयुष्यभर झुंज दिली आणि पोलादी कमानीने जिच्यापासून पळ काढला, त्या हवेला भिल्लाने आपला सालाबादचा हिस्सा बिनतक्रार देऊन टाकला आहे. काकांचे मत उलटे: हातचे एक धनुष्य वीस वर्षे टिकविण्यात जी विद्या आहे ती दर दोन वर्षांनी नवे करण्यात नाही. या मुद्द्यावर दोघांची जुंपली असता मी अंकपाताकडच्या सांदीपनि आश्रमात जाऊन आलो, जेथे कृष्ण-बलरामांनी चौसष्ट कलांबरोबर धनुर्वेदाचे पाठ घेतले असे सांगतात. सुदाम्यासह सरपण आणायला गेलेला कृष्ण पावसात रात्रभर रानात अडकला ही कथाही याच आश्रमाची; आणि त्या दोघांनी खाली टाकलेल्या मोळ्यांना पुढे पालवी फुटून झाडे झाली असे महिदपूरजवळच्या नारायणा गावचे लोक आजही दाखवितात. लाकडात ओल किती असावी याची वरची मर्यादा त्या गावाने ठरवून टाकली आहे.

परत आलो तो मामा निंदणीच्या कामावर निघण्याच्या तयारीत होते. एक कमठा मला विकत द्यावा, अशी विनंती मी केली. किंमत त्यांनी सांगावी, मी घासाघीस करणार नाही, हेही सांगितले. मामांनी पडवीतला त्यांचा कमठा उचलला, गालाला लावला आणि मान हलविली. आता देत नाही. आता दिला तर तुम्ही पुण्याला नेऊन भिंतीवर टांगाल, तो तिथे ओला राहील, माघात आपोआप वाकडा होईल, आणि तुम्ही म्हणाल मामाने कच्चा माल दिला. गेल्या थंडीत तोडलेला एक वेळू घरी चुलीवर आहे. देवदिवाळी झाल्यावर या, मेघनगरला उतरा, तेथून जीप मिळते. विसार म्हणून काही रक्कम पुढे केली तर तीही त्यांनी घेतली नाही. काकांनी दारापर्यंत येऊन मला बजावले, की जाल तेव्हा माझा तराजू घेऊन जा, आणि मामाला न दिसेल असा तोला.